गुणाआक्काची खळ आणि गल्लीची विहीर

निपाणीत एखाद्याचा टीव्ही मेला की पहिला निरोप आमच्या आक्काला येतो. घरातलं माणूस गेलं तर लोक आधी पै-पाहुण्यांना कळवतात, पण टीव्ही गेला की थेट गुणाबाईला फोन. आक्का येते, टीव्ही पालथा घालते, पाठीवर दोन थापा मारते आणि मान हलवते.

"गेलाय," ती सांगते. "पर लई तरास न्हाय झाला त्येला."

एवढं ऐकल्यावर घरच्यांना बरं वाटतं. मग तो टीव्ही तिच्या गाड्यावर चढतो आणि आमच्या गल्लीच्या टोकाला, तिच्या पत्र्याच्या शेडात, आधी आलेल्या पन्नासेक टीव्हींच्या शेजारी जाऊन बसतो.

मी तिचा धाकटा भाऊ, दीपंकर. हायस्कुलात तीस वर्षं भूगोल शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. मला लवकर राग येतो असं घरचे म्हणतात. हे खरं नाही, आणि कुणी तसं म्हटलं की मला राग येतो. आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. साठी उलटली तरी ती मला दिप्या म्हणते, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांसमोरसुद्धा.

बाराव्या वर्षी ती आईबरोबर तंबाखूच्या वखारीत जायला लागली. मी शाळेत जावं म्हणून ती गेली, हे मला फार उशिरा कळलं. तिची शिंक अजून वखारीतली आहे, एक आली की सात येतात. पुढं वखारी एकेक करून बंद पडल्या. आमचे दाजी, परशराम, भंगाराचा हातगाडा ओढायचे. ते गेल्यावर तेराव्या दिवसाची वाट न बघता आक्कानं गाडा बाहेर काढला. "गाडा उभा ऱ्हायला तर चाकं धरत्यात," एवढंच म्हणाली.

तिची हाळी सगळ्या निपाणीला पाठ होती. "हळे टीव्ही, जुना टीव्ही, हळे मिक्सर, जुना मिक्सर." एक शब्द कन्नड, एक मराठी. सीमाप्रश्नावर आयुष्यभर भाषणं करणारे लोक या गल्लीत आहेत. आक्कानं तो एका दमात मिटवला होता आणि वर भंगारही गोळा केलं होतं.

लॉकडाऊनमध्ये तिनं एकदा टेंपोभर टीव्ही कोल्हापूरच्या व्यापाऱ्याकडं न्यायला काढले. कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसानं अडवलं. पास कुठाय म्हणाला. आक्का म्हणाली, "मेलेल्यांस्नी कसला पास, बाबा?" पोलीस दचकून चार पावलं मागं सरला. मग मागं डोकावून बघितलं, तर तीस टीव्ही उताणे. तो पोट धरून हसला, पण सोडलं नाही. आक्का परत आली, रीतसर पास काढला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोलिसापुढं टेंपो उभा करून म्हणाली, "कालचीच मयतं हायती."

असं हे माणूस. आता तिची चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय आक्का सांगून होत नाही.

टीव्हीची काच वेगळी, प्लास्टिक वेगळं, वायरीतलं तांबं वेगळं, एवढ्यापर्यंत ठीक होतं. पण आतली हिरवी पाटी असते ना, जिच्यावर सगळे बारीकसारीक भाग चिकटवलेले असतात, तिच्यातही तांबं असतं. एका व्यापाऱ्यानं दहा वर्षांपूर्वी आक्काला शिकवलं की पाटी तेजाबात बुडवली की तांबं सुटतं. झालं. शेडामागं प्लास्टिकचं पिंप आलं. पाट्या धुतलेलं पाणी मागच्या खड्ड्यात जायला लागलं. आणि खड्ड्यापासून वीस पावलांवर आमच्या गल्लीची विहीर.

ही विहीर आमच्या आज्यांच्या पिढीनं स्वतः खणलेली. तेव्हा गावातल्या दुसऱ्या विहिरींवर आमच्या लोकांना पाणी भरू देत नसत, म्हणून दिवसा दुसऱ्यांच्या शेतात राबून सकाळ-संध्याकाळ त्यांनी कातळ फोडला. आता पिण्याला नळ आहे, पण धुणं, भांडी, आंघोळ, शेळ्या, सगळं विहिरीवरच. पाण्याला कुणी नाव ठेवलेलं गल्लीला खपत नाही.

मी खड्ड्यावरून आक्काशी पुष्कळ भांडलो. ती हसायची. "माती समदं गिळती, दिप्या. अख्खी मानसं गिळती, तिला ह्ये काय जड हाय? तू आपला भूगोल शिकव."

भूगर्भातलं पाणी हा धडा मी तीस वर्षं शिकवला. शेकडो पोरांकडून पाठ करून घेतला. माझ्या सख्ख्या बहिणीला मात्र तो शिकवता आला नाही. पुढं पुढं मी बोलणंच सोडलं, कारण माझ्या पोरीच्या कॉलेजच्या वसतिगृहाचा खर्च त्याच पिंपातून निघत होता. हे लिहिताना मला लाज वाटते.

ती पोरगी म्हणजे प्रियदर्शनी. बेळगावात रसायनशास्त्रात पीएचडी करते. तिचा विषय काय, तर चिंचोके. चार वर्षं मी पाहुण्यांना हे सांगायचं टाळत आलो. लोकांची पोरं परदेशात यंत्रमानव बनवतात, आणि आमची चिंचोके भाजते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? एकदा मी चिडून विचारलं तेव्हा तिनं मला समोर बसवलं.

"आप्पा, चिंचोक्याच्या पिठाची खळ चिकट का असते? त्यात साखरेच्या कणांच्या लांबच लांब माळा असतात. त्या माळांना आम्ही लॅबमध्ये नवीन हात फुटवतो. पाण्यात तांबं, शिसं असलं की ते हात त्याला धरतात. मग गाठी होतात, गाठी तळाला बसतात, वरचं पाणी गाळून घ्यायचं."

"आणि साधं पीठ टाकलं तर?"

"तर पाण्याची खळ होईल. घोंगडी कडक करा."

घोंगडी तिला आठवली ती सत्याप्पांमुळं. सत्याप्पा बोरगावचे धनगर. घोंगडं विणून झालं की त्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे ते ताठ आणि टिकाऊ होतं. सत्याप्पांच्या घरी चिंचोके भाजून, सोलून दळलेलं पीठ बारा महिने असतं. प्रियदर्शनी तिच्या प्रयोगाला तेच न्यायची, आणि आक्कासुद्धा वर्षाला एक डबा त्यांच्याकडूनच घ्यायची. तिचा उपयोग वेगळा होता.

आमच्या गल्लीची रीत अशी, की चौदा एप्रिलला महिला मंडळाच्या सगळ्या बायका पांढरी पातळं नेसून मिरवणुकीत पुढं चालणार. आणि पातळांना खळ द्यायची ती आक्कानंच. वखारीत होती तेव्हापासून हे काम तिच्याकडं आहे. बारा तारखेला बायका आपापलं पातळ घेऊन शेडात येतात. आक्का मोठ्या घमेल्यात खळ शिजवते, विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या हौदात ओतते, पातळं बुडवते, पिळते, दोरीवर टाकते. तिच्या खळीचं पातळ नेसून बाई खाली बसली तरी पातळ उभंच राहतं, असं आमच्याकडं म्हणतात. मंडळाच्या अध्यक्ष जयाबाई. त्या आक्काच्या लहानपणापासूनच्या मैत्रीण, घर विहिरीला लागून. त्यांच्या सासऱ्यांनी विहिरीचा पहिला दगड फोडला होता, आणि हे त्या आठवड्यातून एकदा तरी सांगतात.

यंदाच्या एप्रिलची गोष्ट नव्हे, गेल्या एप्रिलची. जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर रीतसर प्रक्रिया करणाऱ्या एका कंपनीला निपाणीत गोळा करण्याचं केंद्र हवं होतं. त्यांनी आक्काचं शेड बघितलं आणि त्यांना ते आवडलं. नावाची पाटी लागणार, वजनकाटा येणार, तेजाब बंद होणार, आक्का मालकासारखी खुर्चीवर बसणार. फक्त प्रदूषण खात्याची परवानगी हवी होती, आणि सतरा तारखेला साहेब पाहणीला येणार होते. आक्कानं शेड असं झाडलं की टीव्ही लाजले असतील. तेजाबाचं पिंप विकून टाकलं. खड्ड्यावर माती ओढून तुळस लावली.

त्याच आठवड्यात प्रियदर्शनी घरी आली ती आपल्या हात फुटलेल्या पिठाचा पाच किलोचा डबा घेऊन. खड्ड्याच्या कडेचं पाणी तिला तपासायचं होतं. डबा शेडात ठेवला. बिस्किटांचा जुना चौकोनी डबा, आणि त्याच्याशेजारी सत्याप्पांच्या पिठाचा तसाच चौकोनी डबा. पण पोरगी शहाणी. आपल्या डब्यावर तिनं ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली होती, मराठीतसुद्धा. "प्रयोगाचे पीठ. वापरू नये."

आता यात काय चुकलं, तर आक्काचा धंदा. शेडात आलेल्या वस्तूवर चिठ्ठी दिसली की तिचे हात आधी ती सोलतात. प्लास्टिकचा व्यापारी चिठ्ठीसकट माल घेत नाही, म्हणून वीस वर्षांची सवय. ती बोलत असते, हसत असते, आणि नखं सोलत असतात. माझ्या चष्म्याच्या नव्या डबीवरची चिठ्ठीही तिनं अशीच सोलली होती, दुकानाचा फोन नंबर होता तिच्यावर. तर हाही डबा तिनं सोलला. कधी सोलला हे तिलाच माहीत नाही.

बारा तारखेला बायकांनी अकरा पातळं आणून टाकली. आक्कानं डबा उघडला, वास घेतला. चिंचोकाच. चिमूटभर पीठ नळाच्या गार पाण्यात कालवलं तर क्षणात मऊ खळ तयार, शिजवायची गरजच नाही.

"सत्याप्पानं पीठ लई सुधारलंय बघ," ती मला म्हणाली. मी पेपर वाचत होतो. मी 'हूं' म्हणालो. घरात जे काही वाईट होतं ते मी पेपर वाचताना होतं, हे आता मी मान्य करतो.

खळ हौदात ओतल्यावर गाठी झाल्या. दही फाटावं तशा. आक्काला वाटलं पाणी गार आहे, म्हणून तिनं काठीनं ढवळलं, पातळं बुडवली आणि जेवायला गेली. एप्रिल असल्यामुळं विहीर तळाला गेलेली, होतं ते पाणी घट्ट. दुपारी पातळं पिळून दोरीवर घातली. उन्हात वाळत गेली तसा त्यांना रंग चढत गेला. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक राहिलं की जो हिरवट-निळा रंग येतो ना, तोच. कुठं फिका, कुठं ठिपके, पदरावर मोठे ओघळ. अकराच्या अकरा.

चार वाजता सगळी गल्ली दोरीखाली उभी होती. दोन बायकांचं म्हणणं पडलं की निळा रंग जयंतीला चालतोच की. जयाबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्या पातळांच्या आड सरकल्या. मग डब्यांचा उलगडा झाला, आणि प्रियदर्शनीला बोलावणं गेलं.

"शिकलीस, मोठी झालीस, चांगलं हाय," जयाबाई म्हणाल्या. "पर असलं रंग सोडनारं आवशद घरात आनून ठेवतंय का कोन? आमच्या पातळांची वाट लावलीस. असल्या पिठानं तू पानी शुद्ध करनार व्हय?"

सगळ्या हसल्या. माझं डोकं फिरलं. पण पोरीचं लक्ष पातळांवर. ती पदराचा ओघळ बोटानं चाचपत होती. तिनं आक्काला एकच विचारलं, "आत्ती, हौदात पाणी कुठलं होतं?"

"हिरीचं. दरसाल हिरीचंच आसतंय."

तिनं आक्काला आणि मला शेडात नेलं. दोन पेल्यांत तेच पीठ कालवलं. एकात नळाचं पाणी, एकात विहिरीचं. नळाचा पेला पांढराच राहिला. विहिरीच्या पेल्यात गाठी झाल्या आणि बघता बघता हिरवट पडल्या.

"पिठाला रंग नाही, आत्ती," ती हळू आवाजात म्हणाली. "हा तांब्याचा रंग आहे. पिठानं तो विहिरीतून धरून वर आणलाय."

आक्का दोन्ही पेल्यांकडं बघत राहिली. ती बसली ती एका टीव्हीवरच. "माती..." म्हणाली आणि विहिरीचा पेला हातात घेतला.

मला जे वाटलं ते लिहितो. बाप म्हणून मला वाटलं, आत्ताच्या आत्ता दोन्ही पेले चौकात नेऊन ठेवावेत. भाऊ म्हणून वाटलं, ओतून टाकावेत. सतरा तारखेला साहेब येणार. गप्प बसलं तर केंद्र मिळतंय, आणि दोष पोरीच्या पिठावर जाऊन मिटतोय. पोरगी काय, बेळगावला निघून जाईल. पण ती ज्या गल्लीसाठी हे शिकली, त्या गल्लीत तिच्या शिक्षणाला कायमचे लोक हसतील.

"मी कुणाला सांगणार नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "पण विहिरीचं पाणी वापरू नका एवढं तरी सांगायलाच हवं. आणि का, ते तुम्ही सांगा."

पुढचे दोन दिवस आक्का जेवली नाही. शेडात बसून तिनं दोनशे रिमोट पुसले. एकाही रिमोटला गिऱ्हाईक नव्हतं.

चौदाला मिरवणूक निघाली. बायका हाताला लागली ती पातळं नेसून आलेल्या. लाल, पिवळी, एक तर चक्क भरजरी. आणि मागून आक्का आली, हिरवट ठिपक्यांचं पातळ नेसून. खळ मात्र अशी बसली होती की चालताना पातळाचा करकर आवाज येत होता. लोक हसले. मीही हसलो असतो, पण तिचा चेहरा बघितला.

विहारापुढं वंदना झाली. जयाबाई बोलायला उभ्या राहिल्या, आणि शिक्षणावर बोलता बोलता 'काही मुली नुसतंच पुस्तकी शिकतात' असं म्हणून थांबल्या. त्यांनी नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. तेवढ्यात आक्का स्टेजवर चढली. आयुष्यात ती कधी माईकपुढं उभी राहिली नव्हती. पहिल्यांदा तिला शिंक आली. मग सहा. गल्लीनं सातही मोजल्या.

"जयभीम," ती म्हणाली. "पातळं पोरीच्या पिठानं न्हाय बिघडली. पिठानं फकस्त दावलं. तांबं माझ्या खड्ड्यातलं हाय. धा वर्सं मी तेजाबाचं पानी मागं ओतलं. माती गिळती म्हनत हुतो. मातीनं न्हाय गिळलं, आपल्या हिरीनं गिळलं. तुमची भांडी त्यातच धुतली, माझीबी त्यातच. पोरगीला नावं ठिवू नगा. तिला हसू नगा. मी उद्यापास्नं शेडातच हाय, ज्येला काय बोलायचं आसंल त्येनं यावं."

ती उतरली. जयाबाईंनी तिच्याकडं बघितलं सुद्धा नाही. त्या घरी गेल्या आणि विहिरीकडचं दार लावून घेतलं.

मला आक्काचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि इतका रागही आला नव्हता. पाणी ओतण्याआधी का नाही ऐकलंस, असं मी तिला घरी येऊन म्हणालो. ती म्हणाली, "तू लई वरडतोस, दिप्या. वरडनाऱ्याचं कोन ऐकतंय?" हे खोटं आहे, असं मी ओरडून सांगितलं.

सतराला नागेंद्र नावाचे साहेब आले. भला माणूस, मराठी बोलायचा, पण आकडे कन्नडमध्ये मोजायचा. त्याला शेड आवडलं. तो फॉर्म भरायला लागला, तर आक्कानं त्याचा हात धरला. "साहेब, आधी हिकडं." तिनं त्याला तुळशीपाशी नेलं, तुळस उपटून बाजूला ठेवली आणि खड्डा दाखवला. मग विहीर दाखवली. मग दोन पेले.

साहेब गोंधळले. "तक्रार कुणाची आहे, अम्मा?"

"माझी."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याच. येक कागूद वाचला बघा तुमचा."

परवानगी थांबली. कंपनीनं केंद्र दुसऱ्या गावात काढलं. खड्ड्यातली माती पोत्यांत भरून सरकारी नियमानं जिथं जायची तिथं गेली, आणि आक्काच्या शेडात आता फक्त उकलून वेगळं करण्याचं काम राहिलं. हिरव्या पाट्या अख्ख्याच्या अख्ख्या रीतसर कारखान्याला जातात. उत्पन्न निम्म्यावर आलं.

मग सुरू झालं विहीर धुणं. प्रियदर्शनी दर शनिवारी येई. पाणी उपसून पिंपात, पिंपात पीठ, गाठी बसल्या की सत्याप्पांनी दिलेल्या जुन्या घोंगड्यातून गाळून परत विहिरीत. पहिल्याच पिंपात पीठ जास्त पडलं आणि पाण्याचं पिठलं झालं. आक्का काठी फिरवत म्हणाली, "आता कांदा तेवढा चिरून घाल." दुसऱ्या पिंपाला काहीच झालं नाही. तिसरं बरं उतरलं. पोरीनं वहीत काय काय लिहिलं, बेळगावला जाऊन पीठ बदललं, परत आली. घोंगड्यावर साठलेल्या हिरव्या गाठी वाळवून पिशव्यांत भरायच्या आणि पाट्यांबरोबर कारखान्याला पाठवायच्या. आक्का त्या गाठी हातानं चेपायची. हातमोजे घाल म्हणून पोरगी ओरडायची, मी ओरडायचो. ती घालायची आणि आम्ही वळलो की काढायची. तिचे तळवे हिरवट झाले.

पाणी कुठवर आलं हे कळायला प्रियदर्शनीनं एक युक्ती काढली. बिघडलेल्या पातळांचे नव्हे, नव्या पांढऱ्या कापडाचे तुकडे. त्यांना तिच्या पिठाची, न विरघळणारी खळ पक्की बसवलेली. दर रविवारी एक तुकडा विहिरीच्या पाण्यात बुडवायचा आणि शेडापुढच्या तारेवर लटकवायचा. तारेवर रांगच झाली, गडद हिरवा, हिरवा, जरा फिका. गल्लीतल्या लोकांना त्याचा नादच लागला. रविवारी सकाळी दात घासत माणसं तारेखाली जमायची आणि 'गेल्या खेपेपेक्षा फिका', 'न्हाय, तितकाच' म्हणून भांडायची. शिशाचा रंग दिसत नाही, म्हणून महिन्याला एक बाटली बेळगावला तपासणीला जायची ती वेगळीच.

एकट्या जयाबाई तारेकडं फिरकायच्या नाहीत. त्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या नळावरून धुण्याचंही पाणी आणायच्या. आक्कानं एकदा त्यांच्या उंबऱ्याशी नळाच्या दोन घागरी भरून ठेवल्या. जयाबाईंनी त्या उचलून दारच्या लिंबाला ओतल्या. आक्कानं दुसऱ्या दिवशी परत ठेवल्या. त्यांनी परत ओतल्या. हे वर्षभर चाललं. बोलणं बंद. त्या लिंबाला यंदा एवढी लिंबं धरली की फांदीला टेकू द्यावा लागला.

जुलैत तुकडा पांढरा निघाला. गल्ली खूश. कुणीतरी पेढे आणायची गोष्ट काढली. आक्का म्हणाली, "न्हाय. पावसानं हीर भरलीया. ह्ये पावसानं पातळ केलंय, मी न्हाय केलं. मार्चात हीर तळाला गेली की बघू." प्रियदर्शनी तिच्याकडं बघतच राहिली. मला म्हणाली, "आप्पा, हे आमच्या सरांनाही पटवायला मला दोन महिने लागले होते."

आणि मार्चपर्यंत आक्का पिंप ढवळत राहिली.

मार्चचा तिसरा रविवार. विहीर तळाला गेलेली. तुकडा बुडवला, काढला. पांढरा. आक्काचा विश्वास बसेना. तिनं दुसरा बुडवला. पांढरा. तिसरा तिनं अर्धा तास तसाच पाण्यात ठेवला आणि शेजारी उकिडवी बसून राहिली. तोही पांढराच. बेळगावची चिठ्ठी आदल्याच दिवशी आली होती, शिसं, तांबं, दोन्ही ठीक. मी ती मोठ्यानं वाचून दाखवली. कुणी टाळी वाजवली नाही. सगळे जयाबाईंच्या दाराकडं बघत होते.

विहिरीकडचं दार वर्षभरानं उघडलं. जयाबाई पोहरा घेऊन बाहेर आल्या. विहिरीत पोहरा सोडला, भरला, वर ओढला. पाणी ओंजळीत घेऊन उजेडात धरलं, वास घेतला. मग आक्कापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"हात फुडं कर."

आक्कानं हिरवे तळवे पुढं केले.

"वरीसभर हात घानीत घातलाईस," जयाबाई म्हणाल्या आणि तिच्या हातांवर पाणी ओतायला लागल्या. त्या ओतत होत्या, आक्का हात चोळत होती आणि रडत होती. हिरवा रंग काही निघत नव्हता. पोहरा रिकामा झाला तेव्हा जयाबाईंनी तो परत विहिरीत सोडला.